थाई जोडीदार आणि थायलंडमधील दीर्घ वास्तव्य: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

थाई नागरिकाशी विवाह केलेल्या वाचकांची बरीच पत्रे गेल्या काही महिन्यांत आमच्याकडे जमा झाली असून त्यांपैकी सहा प्रश्न येथे घेतले आहेत. उत्तरांकडे वळण्यापूर्वी एक खुलासा आवश्यक वाटतो, कारण जवळजवळ प्रत्येक पत्रात दोन वेगळ्या गोष्टी एकाच नावाने आल्या आहेत. व्हिसा म्हणजे देशात प्रवेश करण्याची परवानगी. ती थायलंडची वकिलात देते. प्रवेशानंतर किती दिवस राहता येईल, हे पासपोर्टवरील शिक्का ठरवतो आणि ती मुदत वाढवण्याचा अधिकार थायलंडमधील इमिग्रेशन कार्यालयाकडे असतो. ज्याला सर्वजण ‘मॅरेज व्हिसा’ म्हणतात, तो बहुतेक वेळा व्हिसा नसून विवाहाच्या आधारावर मिळालेली एका वर्षाची मुदतवाढ असते. हा फरक ध्यानात राहिला, तर पुढचे अर्धे प्रश्न सोपे होतात.

प्रश्न: मी भारतीय नागरिक असून माझे वय 34 आहे. माझी पत्नी थाई आहे. आमचा विवाह भारतात विशेष विवाह कायद्यान्वये झाला आणि पुढे तिच्या गावी नऊ भिक्खूंच्या उपस्थितीत थाई पद्धतीने विधीही झाले. आता कायमचे चिआंग माय येथे राहावयाचे आहे. सुरुवात कोठून करावी?

उत्तर: सुरुवात विवाहाच्या नोंदणीपासून करावी. भिक्खूंच्या उपस्थितीत झालेला विधी कुटुंबाच्या दृष्टीने कितीही मोलाचा असला, तरी थाई कायद्याच्या दृष्टीने त्याने विवाह सिद्ध होत नाही. तुमचा विवाह भारतात नोंदलेला असल्यामुळे तो थायलंडमध्ये पुन्हा करण्याचे कारण नाही, मात्र त्याची दखल तेथील दप्तरी घ्यावी लागेल. त्यासाठी भारतातील विवाह प्रमाणपत्र परराष्ट्र मंत्रालयाकडून आणि त्यानंतर थायलंडच्या वकिलातीकडून प्रमाणित करून घ्यावे, थायलंडमध्ये त्याचे थाई भाषांतर करून ते तेथील परराष्ट्र मंत्रालयाकडून प्रमाणित करावे आणि पत्नीसह ‘आम्फो’ म्हणजे तालुक्याच्या शासकीय कार्यालयात जाऊन नोंद करावी. या नोंदीचा जो कागद मिळतो त्याला ‘कोर रोर 22’ म्हणतात. विवाह थायलंडमध्येच नोंदणीकृत झाला असता, तर प्रमाणपत्र ‘कोर रोर 3’ आणि नोंदवहीचा उतारा ‘कोर रोर 2’ मिळाला असता. इमिग्रेशन कार्यालय हा उतारा किंवा तुमच्या बाबतीत ‘कोर रोर 22’ आम्फोकडून नव्याने काढून मागते, त्यामुळे जुनी छायाप्रत घेऊन जाऊ नये.

दुसरा टप्पा प्रवेशाचा. थाई नागरिकाचा जोडीदार या नात्याने ‘नॉन-इमिग्रंट ओ’ प्रकारच्या व्हिसासाठी अर्ज करावा. एकदाच प्रवेश देणाऱ्या या व्हिसावर 90 दिवसांचे वास्तव्य मिळते. पर्यटक म्हणून आलेल्या व्यक्तीलाही थायलंडमध्ये राहून प्रकार बदलता येतो, परंतु त्यासाठी मुदत संपण्यास किमान 15 दिवस शिल्लक असावे लागतात आणि त्याच वेळी पैशाची अट पूर्ण झालेली असावी लागते. तुमच्यासारख्या, हाताशी वेळ असलेल्या माणसाने योग्य व्हिसा घेऊनच निघावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

तिसरा टप्पा पैशाचा, आणि येथेच बहुतेकांचे गणित चुकते. थाई पत्नीच्या परदेशी पतीने थाई बँकेतील केवळ स्वतःच्या नावावरील खात्यात 4,00,000 बाथ, अर्जाच्या तारखेपूर्वी सलग दोन महिने ठेवलेले असावे लागतात. दुसरा मार्ग म्हणजे दरमहा किमान 40,000 बाथ उत्पन्नाचा पुरावा. थोडी ठेव आणि थोडे उत्पन्न अशी बेरीज या प्रकारात चालत नाही. पत्नीसोबतचे संयुक्त खातेही चालत नाही, आणि ही गोष्ट अनेकांना खिडकीपाशी पोहोचल्यावरच कळते.

समजा, तुम्ही 1 जानेवारीला थायलंडमध्ये दाखल झालात. तुमची मुदत 31 मार्चपर्यंत असेल. अर्ज साधारणपणे शेवटच्या 30 दिवसांत करायचा असतो, म्हणजे ठेवीचे दोन महिने मार्चमध्ये पूर्ण झालेले हवेत, म्हणजेच रक्कम जानेवारीच्या मध्यापर्यंत खात्यात जमा झालेली हवी. नवागताचे खाते उघडताना बँका अनेकदा वास्तव्याचा दाखला मागतात आणि तो इमिग्रेशन कार्यालयातून आणण्यात काही दिवस जातात. हे सर्व लक्षात घेता खात्याचे काम पहिल्याच आठवड्यात हाती घ्यावे.

अर्ज ‘टीएम 7’ या नमुन्यावर करतात आणि शुल्क 1,900 बाथ असते. सोबत पत्नीचे ओळखपत्र, ‘थाबियन बान’ म्हणजे घराची नोंदवही, विवाहाचे कागद, बँकेचे पत्र आणि पासबुक लागते. बँकेचे पत्र शक्यतो अर्जाच्याच दिवशीचे असावे, आणि पासबुकातही त्या दिवसाची नोंद दिसावी म्हणून सकाळी खात्यात शंभर बाथ भरून पासबुक छापून घेण्याची पद्धत तेथे रूढ आहे. घराचा हाताने काढलेला नकाशा आणि दोघांची एकत्र छायाचित्रेही द्यावी लागतात. घराच्या क्रमांकाची पाटी दिसेल असे दारातील एक आणि घरातील दोन-तीन, एवढी साधी छायाचित्रे पुरतात. लग्नाचा अल्बम कोणी मागत नाही. तुम्ही दोघे त्या घरात खरोखर राहता का, एवढेच अधिकाऱ्यांना पाहायचे असते. याच कारणासाठी शेजारच्या एखाद्या थाई व्यक्तीला साक्षीदार म्हणून बोलावले जाऊ शकते, किंवा अधिकारी घरी येऊ शकतात. त्यामुळे शेजाऱ्यांना आधीच कल्पना देऊन ठेवावी.

अर्ज स्वीकारल्यावर प्रथम सुमारे 30 दिवसांचा ‘विचाराधीन’ असा शिक्का मिळतो आणि त्यानंतर एका वर्षाची मुदतवाढ मिळते. ही मुदतवाढ मूळ मुदत संपल्यापासून मोजली जात असल्यामुळे लवकर अर्ज केल्याने तुमचे दिवस वाया जात नाहीत. तोपर्यंत ठेवीला हात लावू नये.

प्रश्न: माझे पती थाई असून मी भारतीय आहे. 4,00,000 बाथ ठेवण्याइतकी आमची ऐपत नाही. मला दर 90 दिवसांनी देशाबाहेर जाऊन यावे लागेल का?

उत्तर: मुळीच नाही, आणि ही गोष्ट आपल्याला कोणी आधी सांगितली नाही याचे वाईट वाटते. मुदतवाढीचे निकष ज्या पोलीस आदेशात दिले आहेत, त्यातील 4,00,000 बाथ ठेवीची किंवा 40,000 बाथ मासिक उत्पन्नाची अट थाई स्त्रीशी विवाह केलेल्या परदेशी पतीला उद्देशून आहे. थाई पुरुषाशी विवाह केलेल्या परदेशी पत्नीला ती लागू नाही. हा भेद आजच्या काळात न्याय्य वाटत नाही, परंतु आपल्या बाबतीत तो सोयीचा आहे. विवाहाचे कागद, पतीचे ओळखपत्र, घराची नोंदवही, छायाचित्रे आणि पतीची प्रत्यक्ष उपस्थिती एवढ्यावर अर्ज करता येतो. पतीच्या नोकरीचे किंवा उत्पन्नाचे कागद जवळ असतील तर सोबत न्यावेत. मागितले गेले तर दुसरी फेरी वाचते.

प्रत्येक 90 दिवसांनी करावयाची एक गोष्ट मात्र आपल्यालाही चुकणार नाही. सलग 90 दिवस देशात राहिलेल्या परदेशी व्यक्तीने आपला पत्ता ‘टीएम 47’ नमुन्यावर कळवावा लागतो. ठरलेल्या तारखेपूर्वी 15 दिवस ते तिच्यानंतर 7 दिवस एवढ्या अवधीत ते करता येते आणि उशीर झाल्यास 2,000 बाथ दंड होतो. ‘90 दिवस’ हा आकडा दोन्हीकडे येत असल्यामुळे कोणीतरी आपली गल्लत केलेली दिसते. याशिवाय परदेशी व्यक्ती घरात राहावयास आली की घरमालकाने 24 तासांत ‘टीएम 30’ची नोंद करावयाची असते. घर पतीच्या किंवा सासऱ्यांच्या नावावर असेल तर ही जबाबदारी त्यांची आहे, आणि ती नोंद नसली की पुढची कामे तेथेच अडतात.

प्रश्न: आई आजारी असल्याचे कळल्यावर मी तातडीने भारतात आलो. माझी विवाहाधारित मुदतवाढ संपण्यास अजून सात महिने होते. आता समजते की परत जाताना ती चालणार नाही. असे कसे?

उत्तर: देश सोडण्यापूर्वी आपण पुनःप्रवेश परवाना घेतला नाही, हे कारण आहे. हा परवाना नसेल तर विमानतळावरून बाहेर पडताक्षणी शिल्लक मुदतवाढ रद्द होते, मग ती सात महिन्यांची असो वा अकरा. घरच्या आजारपणाचे कारण सांगून ती परत मिळत नाही. आपल्याला नव्याने ‘नॉन-इमिग्रंट ओ’ व्हिसा घ्यावा लागेल, 90 दिवसांच्या मुदतीवर प्रवेश करावा लागेल आणि मुदतवाढीचा अर्ज पुन्हा पहिल्यापासून करावा लागेल. आपल्या खात्यातील ठेव अद्याप अबाधित असेल, तर दोन महिन्यांची अट आधीच पूर्ण झालेली असेल, एवढा दिलासा आहे. म्हणून ती रक्कम आता काढू नये.

एका प्रवासाचा परवाना 1,000 बाथला, तर मुदत संपेपर्यंत कितीही वेळा ये-जा करण्याचा परवाना 3,800 बाथला मिळतो. ज्यांचे आई-वडील भारतात वृद्धापकाळात आहेत, त्यांनी मुदतवाढ मिळाली त्याच दिवशी, त्याच कार्यालयात अनेक प्रवासांचा परवाना घेऊन ठेवावा, असे मी आग्रहाने सांगेन. रात्री दोन वाजता फोन येतो तेव्हा कार्यालय उघडे नसते. सुवर्णभूमी विमानतळावर प्रस्थानापूर्वी हा परवाना मिळू शकतो, परंतु अशा वेळी मन थाऱ्यावर नसते आणि ते सुचतही नाही.

प्रश्न: माझे वय 52 आहे. पत्नी थाई आहे. परिचित म्हणतात की विवाहापेक्षा निवृत्तीच्या आधारावर मुदतवाढ घ्यावी. कोणता मार्ग चांगला?

उत्तर: तुम्हाला थायलंडमध्ये काम करायचे आहे का, यावर उत्तर अवलंबून आहे. 50 वर्षे पूर्ण झालेल्या व्यक्तीला निवृत्तीच्या आधारावर मुदतवाढ मिळते. त्यासाठी 8,00,000 बाथ अर्जापूर्वी दोन महिने आणि मंजुरीनंतर तीन महिने खात्यात असावे लागतात, आणि उरलेल्या काळात शिल्लक 4,00,000च्या खाली जाऊन चालत नाही. किंवा दरमहा 65,000 बाथ उत्पन्न दाखवावे लागते. या प्रकारात ठेव आणि उत्पन्न यांची बेरीजही चालते. कागदपत्रे कमी, पत्नीने सोबत येण्याची गरज नाही, ‘विचाराधीन’ शिक्का नाही. परंतु काम करण्यास पूर्ण मज्जाव आहे.

विवाहाच्या आधारावर वर्क परमिट मिळू शकते आणि परदेशी कर्मचारी ठेवण्यासाठी कंपनीकडे एरवी जे 20 लाख बाथ भांडवल लागते, ते कर्मचाऱ्याचा जोडीदार थाई असल्यास 10 लाखांवर येते. तेव्हा अजून काही वर्षे नोकरी करण्याचा विचार असेल तर विवाहाचा मार्ग घ्यावा. काम करायचे नसेल आणि रक्कम अडकवून ठेवणे परवडत असेल तर निवृत्तीचा मार्ग सुटसुटीत आहे, शिवाय तो केवळ तुमच्या स्वतःच्या वयावर आणि पैशावर उभा असतो. याचे महत्त्व पुढील प्रश्नावरून कळेल.

प्रश्न: माझा आणि माझ्या थाई पत्नीचा घटस्फोट होण्याच्या मार्गावर आहे. मुलगी नऊ वर्षांची आणि थाई नागरिक आहे. मुदतवाढ अजून पाच महिने आहे. तोपर्यंत निर्धास्त राहता येईल का?

उत्तर: नाही. मुदतवाढीचा आधारच विवाह हा आहे. तो संपल्यावर शिक्क्यावरील तारखेच्या भरवशावर राहणे धोक्याचे आहे. घटस्फोटाची नोंद होण्यापूर्वीच दुसरा आधार तयार ठेवावा आणि तुमच्यापाशी तो आहे. 20 वर्षांखालील थाई अपत्याचे पालक या नात्याने मुदतवाढ मागता येते. म्हणून घटस्फोटाच्या करारात मुलीचा ताबा आणि तिच्या राहण्याची व्यवस्था स्पष्ट शब्दांत लिहून घ्यावी, कारण इमिग्रेशन अधिकारी तो करार वाचतील. येथे वकिलाच्या शुल्कात काटकसर करू नये. काही झाले तरी मुदत उलटून राहू नये. दंड दिवसाला 500 बाथ आणि कमाल 20,000 बाथ एवढाच दिसतो, परंतु 90 दिवसांहून अधिक काळ बेकायदा राहून स्वतःहून बाहेर पडणाऱ्यावर एका वर्षाची प्रवेशबंदी येते आणि मुदत उलटलेल्या अवस्थेत पकडले गेल्यास ती किमान पाच वर्षांची असते. नऊ वर्षांच्या मुलीच्या वडिलांसाठी पाच वर्षे म्हणजे तिचे सारे बालपण.

प्रश्न: दरवर्षीच्या या अर्जांतून कायमची सुटका आहे का?

उत्तर: आहे, पण ती संयमाने मिळवावी लागते. नॉन-इमिग्रंट प्रकारात सलग तीन वर्षे मुदतवाढी घेतलेल्या व्यक्तीला कायम निवासासाठी अर्ज करता येतो. एका देशाच्या नागरिकांना वर्षाला कमाल 100 परवाने दिले जातात. अर्जाचे 7,600 बाथ परत मिळत नाहीत. मंजुरीनंतर एरवी 1,91,400 बाथ भरावे लागतात, थाई नागरिकाच्या जोडीदाराला मात्र निम्मे, म्हणजे 95,700. थाई भाषेत मुलाखत होते. सध्या लोकप्रिय असलेल्या, 2024 मध्ये सुरू झालेल्या ‘डेस्टिनेशन थायलंड व्हिसा’ या पाच वर्षांच्या व्हिसावर घालवलेली वर्षे या तीन वर्षांत धरली जात नाहीत. ज्याला तेथे आयुष्य काढायचे आहे, त्याने पाच वर्षांच्या मुदतीला भुलून तो घेऊ नये.

नागरिकत्वाचा मार्गही खुला आहे. थाई पुरुषाची परदेशी पत्नी कायम निवासाशिवाय थेट अर्ज करू शकते आणि 2008च्या दुरुस्तीनंतर थाई स्त्रीच्या परदेशी पतीलाही कायम निवासाच्या अटीतून सूट मिळाली आहे. मात्र भारतीय कायदा दुहेरी नागरिकत्व मानत नाही. थाई नागरिकत्व स्वेच्छेने स्वीकारताच भारतीय नागरिकत्व संपते, पासपोर्ट परत करावा लागतो आणि त्यानंतर भारतात ये-जा करण्यासाठी ओसीआय म्हणजे परदेशस्थ भारतीय नागरिकाचे कार्ड काढावे लागते.