मुलांना प्रिपोझिशनल फ्रेज असलेली इंग्रजी वाक्यं कशी शिकवावीत?

प्रिपोझिशन्स, म्हणजे 'इन', 'ऑन', 'विथ' असले नामाच्या आधी येणारे छोटे शब्द, पाठ आहेत तरी आठवीची मुलं वाक्यात गडबडतात, असं तुम्ही लिहिलंय. मग पाठ करून घेणं थांबवा की! 'इन म्हणजे आत, ऑन म्हणजे वर' हा तक्ता वहीत उतरवून घेणाऱ्यांवर माझा जुना राग आहे.

मी कोल्हापुरात मराठी माध्यमाच्या पोरांना इंग्रजी शिकवतो. आमच्याकडे एक ज्येष्ठ सर होते, त्यांचं व्याकरण त्या तक्त्यात सुरू होऊन तिथंच संपायचं. त्यांच्याच हाताखालून आलेल्या वर्गाला मी वाक्य दिलं, 'मावशी राजारामपुरीत तिसऱ्या गल्लीत दुसऱ्या मजल्यावर राहते.' पोरांनी केलं, 'माय आंट राजारामपुरी इन थर्ड लेन इन...' तक्ता सगळ्यांना तोंडपाठ, बरं का.

मग मी कागदाच्या पट्ट्या कापल्या. एका पट्टीवर एक अख्खी फ्रेज, म्हणजे प्रिपोझिशन आणि त्याला जोडलेलं नाम एकत्र: 'इन राजारामपुरी', 'इन द थर्ड लेन', 'ऑन द सेकंड फ्लोअर'. उसाची मोळी बांधलेलीच उचलायची, सोडायची नाही. बोलताना आपण पेठेतून गल्लीत, गल्लीतून मजल्यावर जातो आणि क्रियापद शेवटी टाकतो. इंग्रजीत 'लिव्ह्ज' मावशीला लागूनच येतं, मग मजला, गल्ली, राजारामपुरी. पोरांनी पट्ट्या उलट्या लावल्या आणि वाक्य उभं राहिलं. तेवढ्यात सर दारात. "काय ओ, हस्तकलेचा तास हाय काय?" वर सगळ्यांदेखत स्टाफरूममध्ये, "पेपरात पट्ट्या देणार काय?"

वयाचा मान म्हणून तेव्हा गप्प बसलो. आता सांगतो. पेपरात तक्ताही नसतो सर, वाक्य लिहायचं असतं.

त्याच पट्ट्यांवर पुढचं सगळं होतं. 'शी पुट द की' एवढ्यावर थांबता येत नाही, 'पुट'ला जागेची पट्टी लागतेच. 'आय एट भेळ'ला 'निअर रंकाळा' जोडा नाहीतर सोडा. 'देअर इज'नंतर आधी वस्तू, मग जागा. आणि 'द टीचर हिट द बॉय विथ द अंब्रेला' जरूर द्या. छत्री कुणाकडे? मराठीत 'छत्रीनं मारलं' की 'छत्रीवाल्या पोराला मारलं' हे लगेच कळतं, इंग्रजीत ती पट्टी क्रियापदाचीही असू शकते आणि पोराचीही. आमच्या वर्गात यावरून दोन तट पडले, घंटा झाली तरी भांडण मिटेना. तक्ता उतरवताना कुठला वर्ग असा भांडलाय?

आता एक राहिलंच. 'डिपेंड ऑन', 'अफ्रेड ऑफ', 'गुड अ‍ॅट' असल्या जोड्यांना पट्ट्यांचा उपयोग नाही, त्या घोकाव्याच लागतात. तेवढ्यापुरता सरांचा तक्ता चालेल. पण त्यातही 'ऑफ' एकटा लिहू नका, अख्खं 'अफ्रेड ऑफ डॉग्ज' लिहा.