डोंबिवलीला ‘सांस्कृतिक नगरी’ का म्हणतात आणि ते कितपत खरे आहे?

आपला प्रश्न असा आहे की, लोकलच्या गर्दीमुळे आणि रस्त्यांच्या दुरवस्थेमुळे बातम्यांत येणाऱ्या डोंबिवलीला सांस्कृतिक नगरी कशाच्या आधारावर म्हणतात, आणि मुंबईतून तिथे राहायला गेल्यास नव्या माणसाला गावात मिसळता येते का. माझे बालपण, शिक्षण आणि नोकरीची सगळी वर्षे डोंबिवलीत गेली, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

मुंबई-ठाणे रेल्वे १८५३ साली सुरू झाली आणि १ मे १८५४ रोजी ती कल्याणपर्यंत पोहोचली. या मार्गाच्या दोन्ही बाजूंना तेव्हा भातशेती होती, उल्हास नदीची खाडी होती आणि पाथर्ली, आयरे, ठाकुर्ली, मोठागाव अशी आगरी-कोळ्यांची जुनी गावे होती. आज डोंबिवलीचे भाग म्हणून ओळखली जाणारी ही गावे शहराच्या कितीतरी आधीची आहेत. पुढे १९१६ मध्ये पारसिकचा बोगदा झाला आणि कळवा-मुंब्र्याचा वळसा टाळून ठाण्याहून थेट दिवा स्टेशनकडे येता येऊ लागले. गाडी आली म्हणून लगेच शहर वाढले, असे मात्र झाले नाही.

खरी वाढ स्वातंत्र्यानंतरची आहे आणि तिचे मूळ मुंबईतल्या घरांच्या टंचाईत आहे. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठली, त्यामुळे भाड्याने देण्यासाठी नव्या चाळी बांधणे मालकांना परवडेनासे झाले आणि रिकामी खोली पागडीशिवाय मिळेना. गिरगाव, दादर, परळ इथल्या एका खोलीत दोन-तीन भावांचे संसार चालत होते. त्यांतला एक भाऊ लग्नानंतर गाडीने पुढे पुढे जात जिथे त्याच्या पगारात दोन खोल्या बसत तिथे उतरला, आणि अशा अनेकांसाठी ती जागा डोंबिवली ठरली. माझे आईवडीलही असेच आले. आमच्या चाळीला अंगणात विहीर होती आणि पावसाळ्यात स्टेशनपासून घरापर्यंतच्या चिखलातून वडील चपला हातात घेऊन येत.

या लोकांनी चाळीतली सवय सोबत आणली, आणि माझ्या मते आपल्या प्रश्नाचे उत्तर या सवयीतच आहे. गणेशोत्सव, वाचनालय, भिशी, वर्गणी, कुणाच्या घरी कार्य असले की सगळ्यांनी हातभार लावणे, हे सारे त्यांना ठाऊक होते. आणि नव्या जागी तयार असे काहीच नसल्यामुळे ते सगळे स्वतःच उभे करण्यावाचून गत्यंतरही नव्हते. मुलांना शाळा नाही तर चार शिक्षक आणि दहा पालक मिळून शाळा काढत, गाणे शिकवणारे कुणी असले तर त्याच्याच घरात वर्ग भरे, व्याख्यानाला सभागृह नसे तेव्हा शाळेचे पटांगण वापरले जाई. १९२४ साली स्थापन झालेले श्री गणेश मंदिर संस्थान हे या सगळ्याचे केंद्र राहिले, आणि १९७० साली सुरू झालेली डोंबिवली नागरी सहकारी बँकसुद्धा मी याच सवयीचे फळ मानते. ‘सांस्कृतिक’ या शब्दाने लोकांना नाटक-गाणे आठवते, परंतु डोंबिवलीत तो शब्द संस्था काढण्याच्या आणि त्या पिढ्यान्पिढ्या चालवण्याच्या चिकाटीला अधिक शोभतो.

गणेश मंदिराच्याच पुढाकाराने १९९९ मध्ये गुढीपाडव्याची नववर्ष स्वागतयात्रा सुरू झाली. पहाटे वेगवेगळ्या शाळा, संस्था, ढोलपथके आणि चित्ररथ एकत्र येतात. नंतर हीच कल्पना ठाणे, गिरगाव आणि राज्यातल्या इतर शहरांनी उचलली. दिवाळीच्या पहाटे गणपतीचे दर्शन घेऊन फडके रोडवर तरुण मुलामुलींनी नटूनथटून जमायचे, ही पद्धत तर कुणी आयोजित केलेलीही नाही. शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी बाहेरगावी गेलेले माझे वर्गमित्र वर्षातून एकदा मला त्या गर्दीतच भेटत आले आहेत.

साहित्याशी असलेला संबंधही जुना आहे. कथाकार आणि नाटककार शं. ना. नवरे इथलेच, आणि पु. भा. भावे यांचे वास्तव्यही इथे होते. २०१७ च्या फेब्रुवारीत ९० वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन डोंबिवलीत भरले, तेव्हा संमेलननगरीला भाव्यांचेच नाव दिले होते. या संमेलनाची यजमान संस्था होती आगरी यूथ फोरम, आणि ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. डोंबिवलीची कहाणी बहुतेक वेळा मुंबईहून आलेल्या नोकरदार मध्यमवर्गाची म्हणून सांगितली जाते, आणि ज्यांच्या शेतांवर आमच्या इमारती उभ्या राहिल्या ते लोक त्यात केवळ ‘मूळ गावकरी’ म्हणून एका वाक्यात उरतात. वास्तविक हरिनाम सप्ताह, भजनी मंडळे आणि वारी यांची या गावांतली परंपरा आमच्या व्याख्यानमालांपेक्षा जुनी आहे. डोंबिवलीच्या मोठ्या क्रीडासंकुलाला ह.भ.प. सावळाराम महाराज म्हात्रे यांचे नाव आहे. आगरी समाजातल्या या वारकरी कीर्तनकारांचे नाव घराघरांत आदराने घेतले जाते. शाळेत माझ्या शेजारी बसणारी मैत्रीण पाथर्लीची होती. तिच्या गावच्या सप्ताहात बसून मी जेवढे अभंग ऐकले, तेवढे कोणत्याही सभागृहात ऐकले नाहीत.

सामूहिक जीवनाचा दुसरा अर्धा भाग गाडीत घडतो. मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस इथून सुमारे ४८ किलोमीटरवर आहे, म्हणजे नोकरदार माणसाचे रोजचे अडीच-तीन तास प्रवासात जातात. एकाच गाडीच्या एकाच डब्यात वर्षानुवर्षे भेटणाऱ्या बायका एकमेकींच्या घरच्या आजारपणांपासून मुलींच्या स्थळांपर्यंत सगळे जाणून असतात. आम्ही डब्यात संक्रांतीचे तिळगूळ वाटले आहेत, दसऱ्याला डबा सजवला आहे, आणि माझ्या बाळंतपणानंतर पहिल्या दिवशी कामावर निघाले तेव्हा तिथल्याच मैत्रिणींनी मला खिडकीची जागा दिली. तरीही या गर्दीचे कौतुक मला करवत नाही. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ दोन लोकल एकमेकींच्या शेजारून जात असताना दारात लटकलेले प्रवासी खाली पडून मरण पावले. ही माणसे आमच्याच मार्गावरची होती.

औद्योगिक वसाहतीचे दुखणेही आपल्याला आधीच माहीत असलेले बरे. तिने हजारो लोकांना रोजगार दिला, पण घरे आणि रासायनिक कारखाने एकमेकांना भिडत गेले, आणि २०१६ व २०२४ अशा दोन्ही वर्षांच्या मे महिन्यात तिथे प्राणघातक स्फोट झाले. १९८३ साली कल्याण-डोंबिवली महानगरपालिका झाली, परंतु नागरी सोयी लोकसंख्येच्या मागेच राहिल्या. २०११ च्या जनगणनेत पालिकेच्या हद्दीत सुमारे साडेबारा लाख लोक होते. भोवतालची २७ गावे १९८३ मध्ये पालिकेत आली, २००२ मध्ये वगळली गेली आणि २०१५ मध्ये पुन्हा घेतली गेली. कर भरूनही पाणी आणि रस्ते मिळत नाहीत, ही त्या गावांची तक्रार मला रास्त वाटते.

मिसळता येईल का, या प्रश्नाचे उत्तर आपण कुठे घर घेता यावर बरेच अवलंबून आहे. टिळकनगर, रामनगर किंवा पश्चिमेच्या विष्णुनगरसारख्या जुन्या भागांत ओळखी आपोआप होतात, कारण तिथल्या संस्था पायी जाण्याच्या अंतरावर आहेत. शहराच्या कडेला उभ्या राहिलेल्या मोठ्या संकुलांत फाटकाच्या आतच सगळे मिळते, त्यामुळे तिथले कितीतरी लोक पाच-पाच वर्षे गावात येतच नाहीत. आपण तिथे घर घेतले तरी एखाद्या वाचनालयाचे सभासद व्हा, आणि स्वागतयात्रेच्या तयारीच्या बैठका पाडव्याच्या बऱ्याच आधी सुरू होतात, त्यांतल्या एकीला जाऊन बसा. तिथे माणसांची नेहमीच कमतरता असते, त्यामुळे पहिल्याच दिवशी आपल्या हाती एखादे काम पडेल.