फीसाठी मुलीची गुणपत्रिका अडवून ठेवता येते का?

प्रश्न : मुलीच्या इंजिनिअरिंग प्रवेशासाठी आम्ही एका प्रवेश मार्गदर्शकाची मदत घेतली. फी १ लाख ठरली, त्यातले ६५ हजार ऑनलाइन दिले. फॉर्म, लॉगिन, पसंतीक्रम सगळं त्यांनीच भरलं. पहिल्या फेरीत पहिल्या पसंतीचं म्हणून जे कॉलेज लागलं, त्याचं नावही आम्ही कधी काढलं नव्हतं. जागा आपोआप फ्रीझ झाली, म्हणजे तीच कायम झाली, पुढच्या फेऱ्यांत बदलता येत नाही. याशिवाय ‘मॅनेजमेंटची सीट पक्की’ म्हणून यजमानांनी अडीच लाख रोख दिले, त्याची पावती नाही. आता ते म्हणतात, उरलेले ३५ हजार भरा, मग मूळ कागदपत्रं न्या. करारावर ‘फी कोणत्याही परिस्थितीत परत मिळणार नाही’ असं छापलं आहे. आम्ही काय करावं? आम्हीच अडचणीत येऊ का?

उत्तर : ताई, तुमच्या पत्राच्या शेवटी पैशांचा हिशेब आहे, पण मी सुरुवात कागदपत्रांपासून करतो. पैसे वर्षभराने मिळाले तरी चालतील. गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, डोमिसाईल वेळेवर हाती नसेल तर मुलीचं वर्ष जाईल.

फी बाकी आहे म्हणून कुणाची मूळ कागदपत्रं अडवून ठेवण्याचा हक्क या मार्गदर्शकाला नाही. आम्हा वकिलांनाही तो नाही. अशिलाने फी दिली नाही म्हणून वकिलाला त्याची फाईल दाबून ठेवता येत नाही, असा स्पष्ट निकाल सुप्रीम कोर्टाने २००० साली आर. डी. सक्सेना प्रकरणात दिला. जे सनदधारक वकिलाला जमत नाही, ते या गृहस्थांना कुठून जमणार? आजच त्यांना लेखी कळवा : कोणती कागदपत्रं, कोणत्या तारखेला दिली, आणि ती ४८ तासांत परत हवीत. व्हॉट्सअॅपवर पाठवा आणि रजिस्टर्ड पोस्टानेही पाठवा. त्यात फीचा वाद काढू नका. मुदत उलटली की पोलीस ठाण्यात लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. विश्वासाने सोपवलेली वस्तू पैसे उकळण्यासाठी दाबून ठेवली, हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१६ खालच्या विश्वासघाताचा विषय होऊ शकतो. माझा अनुभव असा, की अर्जाची पोच हाती पडली की बहुतेकांची कपाटं उघडतात. तोवर गुणपत्रिका डिजिलॉकरमधून काढून ठेवा, ती कायद्याने मूळ प्रतीइतकीच ग्राह्य आहे. दुय्यम प्रतीसाठी बोर्डाच्या विभागीय मंडळाकडेही अर्ज करता येतो.

त्याच दिवशी प्रवेशाच्या लॉगिनचा पासवर्ड बदला. नोंदणीत मोबाईल नंबर त्यांचा असेल तर प्रवेश प्रक्रिया चालवणाऱ्या राज्याच्या सीईटी सेलला मुलीच्या सहीने लगेच कळवा.

लागलेल्या जागेबद्दल मी तुम्हाला खोटी आशा दाखवणार नाही. मुलीच्या लॉगिनमधून कन्फर्म झालेला पसंतीक्रम हा तिचाच धरला जातो. वाटप झाल्यावर तो फिरवायला कोर्ट सहसा तयार होत नाही. त्यापेक्षा कॅप, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेशाच्या फेऱ्यांनंतर कॉलेजं स्वतः घेतात त्या संस्थास्तरीय फेरीकडे लक्ष ठेवा. कॉलेजात फी भरली असेल आणि प्रवेश नको असेल, तर ठरवून दिलेल्या अंतिम तारखेच्या आत ऑनलाइन रद्द करा. मग कॉलेजला फार तर १ हजार रुपये कापता येतात, बाकी फी परत द्यावी लागते. ती तारीख हुकली तर मात्र गोष्ट हाताबाहेर जाते.

आता ६५ हजार. शिक्षणसंस्था ग्राहक कायद्यात येतात की नाही यावर मोठा वाद आहे, पण तुमचे मार्गदर्शक शिक्षणसंस्था नाहीत. त्यांनी पैसे घेऊन सेवा विकली. न विचारता पसंतीक्रम भरणं ही सेवेतली उघड त्रुटी आहे. ‘फी परत मिळणार नाही’ या छापील ओळीला घाबरू नका. सदोष सेवा मागे घेऊन पैसे परत करायला नकार देणं हीच २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापार प्रथा म्हटली आहे. तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते, त्यांच्या ऑफिसच्या गावी खेटे घालायची गरज नाही. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रार शुल्क नाही. मुदत २ वर्षांची आहे. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून पाहा, कधी कधी तिथेच मिटतं.

पुरावा म्हणून तुम्ही पाठवलेल्या स्क्रीनशॉटमध्ये ‘सीट पक्की, टेन्शन नका घेऊ’ हा मेसेज आहे. तो ज्या फोनवर आला तो फोन विकू नका, रीसेट करू नका. असा मेसेज पुरावा म्हणून देताना भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खाली प्रमाणपत्र द्यावं लागतं, तेव्हा तो फोन लागेल.

राहिले अडीच लाख. हे लिहिताना मला जड जातंय, पण तुम्हाला खरं कळायला हवं. संस्थास्तरावरच्या, म्हणजे ज्यांना लोक मॅनेजमेंटच्या म्हणतात त्या जागासुद्धा गुणवत्तेनेच भरायच्या असतात. महाराष्ट्रात देणगी घेऊन प्रवेश देण्याला १९८७ पासून बंदी आहे. त्यामुळे ‘सीटसाठी पैसे’ हा करार मुळातच बेकायदेशीर ठरतो, आणि अशा करारातले पैसे वसूल करून द्यायला दिवाणी कोर्ट साधारणपणे हात पुढे करत नाही. म्हणून ग्राहक तक्रारीत ही रक्कम ‘मार्गदर्शन फी’ म्हणून घुसडू नका. कुणीतरी तसं सुचवेल. उलटतपासणीत ते टिकणार नाही आणि तुमचे हक्काचे ६५ हजारही संशयात येतील.

फौजदारी रस्ता मात्र खुला आहे. जी सीट देणं त्यांच्या हातातच नव्हतं, तिचं आमिष दाखवून पैसे काढले, ही भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८(४) खालची फसवणूक आहे, तिला ७ वर्षांपर्यंत शिक्षा आहे. देणाऱ्याचाही पाय घसरला होता म्हणून फसवणाऱ्याचा गुन्हा पुसला जात नाही. पोलिसांनी नोंद घेतली नाही तर पोलीस अधीक्षकांना पोस्टाने कळवा, तिथेही काही झालं नाही तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७५(३) खाली मॅजिस्ट्रेटकडे जाता येतं. आणि एका दिवसात एकाकडून २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घेणं आयकर कायद्याने मना आहे, त्याचा दंड घेणाऱ्याला बसतो.

तुम्ही अडचणीत याल का? पैसे दिल्याचं सांगितलंत तर प्रश्न विचारले जातील, आणि अडीच लाख कुठून आले हेही सांगावं लागेल. बँकेतून काढले असतील तर पासबुकातली ती नोंद आत्ताच शोधून ठेवा. फिर्यादीला जाण्याआधी स्थानिक फौजदारी वकिलासोबत बसून सगळं जसं घडलं तसं तारखेवार लिहून काढा. यजमानांना सोबत न्या. ते सध्या घरात कुणाशी बोलत नाहीत असं तुम्ही लिहिलंय, पण रक्कम त्यांच्या हातून गेली आहे, तेव्हा जबाबही त्यांचाच लागेल.