ब्रेक धरून ठेवला की पेडल हळूहळू खाली बसतं, पण ऑइल कमी होत नाही. दोष कुठे असेल?

तुम्ही लिहिलंय की सिग्नलला पेडलवर पाय ठेवून थांबलं की ते सावकाश खाली जातं, डब्यातलं ब्रेक ऑइल आहे तेवढंच आहे, मेकॅनिकने दोनदा ब्रेकच्या पाइपांतली हवा (एअर) काढली आणि आता तो पॅड बदलू म्हणतोय. पॅड सध्या राहू द्या. पॅड झिजले तर आवाज येतो, डब्यातली पातळी थोडी उतरते, पण धरून ठेवलेलं पेडल त्यामुळे सरकत नाही. एअरचंही तेच. एअर असली की पेडल मऊ लागतं, दोन-तीनदा पटापट मारलं की वर येतं आणि मग तिथेच टिकतं. पाय हलवला नसताना पेडल खाली जातंय, म्हणजे दाबाखालचं ऑइल कुठून तरी निसटतंय. बाहेर निसटत नसेल तर आतल्या आत, आणि ती जागा बहुतेक वेळा मास्टर सिलिंडर निघते, म्हणजे पेडल दाबलं की ऑइल चाकांकडे ढकलणारा मुख्य सिलिंडर.

मास्टर सिलिंडरच्या पिस्टनवर रबराचे कप असतात. कपाची कड भिंतीला घट्ट बसते म्हणून ऑइल पुढे ढकललं जातं. कड झिजली किंवा भिंतीला गंजाचे बारीक खड्डे पडले की पुढचं ऑइल कडेने मागे सुटतं आणि फिरून डब्यात जातं. म्हणूनच जमिनीवर थेंब नाही आणि पातळीही तेवढीच.

आता हे घरीच तपासता येतं. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा मारा, बूस्टरमधला (पायाचा जोर वाढवणाऱ्या भागातला) व्हॅक्यूम संपेल आणि पेडल कडक होईल. मग पाय हलका ठेवा, सिग्नलला ठेवता तेवढाच, आणि मिनिटभर धरा. त्यानंतर पाय न उचलता इंजिन सुरू करा. सुरू होताना पेडल थोडं खाली जाईल; तो बूस्टर कामाला लागल्याचा पुरावा आहे, त्याने घाबरू नका. मात्र त्यानंतरही ते सरकतच राहिलं तर दोष पक्का.

हलका पाय का, ते सांगतो, कारण निदान इथेच चुकतं. जोरात दाबलं की ऑइलच्या दाबानेच कपाची कड भिंतीवर आवळली जाते आणि झिजलेला कपसुद्धा धरून ठेवतो. हलक्या दाबाला तो सोडतो. गॅरेजमध्ये माणूस बसतो, सगळा जोर लावून पेडल मारतो, ‘पेडल तर कडक आहे’ म्हणतो आणि गाडी परत देतो. तुमच्या बाबतीत असंच झालं असेल तर मला आश्चर्य वाटणार नाही.

मास्टर सिलिंडर विकत आणण्याआधी बाहेरची गळती नाही याची खात्री करा. चारही चाकांच्या आतल्या बाजूला, रबरी होज आणि लोखंडी पाइपांच्या जोडांवर बोट फिरवा. मागे ड्रम असतील तर ड्रम उतरवून व्हील सिलिंडरचं रबरी टोपण किंचित मागे सारा. आत ओलं असेल तर चोर तिथे आहे, आणि लायनर (ड्रमला आतून घासणारे ब्रेकचे पट्टे) ऑइलने भिजले असतील तर तेही बदलावे लागतील. एक जागा हमखास सुटते: मास्टर सिलिंडर आणि बूस्टर यांच्यामधला सांधा. मागचं सील गेलं की ऑइल बूस्टरच्या पोटात जातं. बाहेर काहीच दिसत नाही, फक्त डबा रिकामा होत राहतो. तुमची पातळी उतरत नाही म्हणता, पण इंजिन बंद असताना दोन नट सोडून सिलिंडर बोटभर पुढे ओढून पाहायला काय जातं?

तरी शंका असेल तर सिलिंडरची पाइप जाणारी तोंडं योग्य आट्यांच्या प्लगने बंद करा आणि पेडल दाबा. सिलिंडर चांगला असेल तर पेडल दगडासारखं लागेल, आणि मग दोष पुढे आहे, कदाचित एबीएसच्या (चाकं लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) ब्लॉकमधल्या व्हॉल्व्हमध्येही. तरीही बसलं तर सिलिंडरच.

दुरुस्तीबद्दल माझं मत स्पष्ट आहे: नुसते नवे कप म्हणजे रबर किट टाकू नका, अख्खा सिलिंडर बदला. भिंतीला खड्डे असतील तर नवे कपही लवकरच झिजतात. नवीन सिलिंडर गाडीवर चढवण्याआधी शेगड्यात (व्हाइसमध्ये) धरा, तोंडांना नळ्या लावून त्यांची टोकं डब्यातल्या ऑइलमध्ये बुडवा आणि बोथट दांड्याने पिस्टन सावकाश दाबत राहा, बुडबुडे थांबेपर्यंत. हे टाळलं तर नंतर एअर काढताना जीव जातो. पाइपांचे नट आधी हाताने फिरवून आटे धरलेत ना ते बघा, पाना नंतर लावा. मग चाकांवर एअर काढा. पुष्कळ गाड्यांत सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात करतात, पण क्रम कंपनीच्या पुस्तकात बघून घ्या. मदतनीस पेडल धरून असतानाच निपल (चाकाजवळचा एअर सोडायचा स्क्रू) बंद करायचा, पाय त्यानंतर उचलायचा. एबीएसच्या ब्लॉकमध्ये एअर अडकली असेल तर काही गाड्यांना स्कॅनर लागतो.

ऑइल झाकणावर लिहिलंय तेच, सीलबंद डब्यातलं. डॉट ३, डॉट ४ आणि डॉट ५.१ ग्लायकोल जातीची आहेत. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते त्यांत मिसळायचं नाही. इंजिन ऑइलचा थेंबही नको, सगळी रबरं फुगतील. बॉनेटवर ब्रेक ऑइल सांडलं तर लगेच पाणी ओता, रंग उडतो.

एअर काढून झाली की हलक्या पायाची तपासणी पुन्हा करा. पेडल मिनिटभर जागचं हललं नाही तरच गाडी बाहेर काढा, तीही आधी मोकळ्या जागेत, चालण्याच्या वेगाने. तोपर्यंत ही गाडी चालवू नका, गॅरेजपर्यंतसुद्धा टो करून न्या.