वहीचे फोटो पाठवलेत, पण मुलीला विचारलंत का?

दादा, तुमचा मेल दोनदा वाचला. मुलगी बीएच्या दुसऱ्या वर्षाला, राज्यशास्त्र, ७१ टक्के, आणि एका देशाच्या सरकारी एजन्सी दुसऱ्या देशाच्या राजकारणात आपलं वजन कसं तयार करतात हे रात्र रात्र जागून वाचते. तुमचं म्हणणं, एवढीच आवड असेल तर यूपीएससी देऊन रॉमध्ये जावं, नाहीतर हे सगळं गुंडाळून बँकेच्या परीक्षांना बसावं.

मार्कांची मला अजिबात काळजी नाही. काळजी वाटली ती तुम्ही जोडलेल्या पाच फोटोंची. तिच्या वहीची पानं, तिला न विचारता काढलेली, आणि शेवटी तुम्ही लिहिता, "तिला कळू देऊ नका, तुम्ही सहज सुचवल्यासारखं सांगा म्हणजे ती ऐकेल." म्हणजे निर्णय तुमचा, तोंड माझं, आणि तिला वाटायला हवं की आपलं आपणच ठरवलं. हे मी करणार नाही.

तुम्ही ती पानं वाचलीत का हो? तिसऱ्या फोटोत अमेरिकेतल्या नॅशनल स्टुडंट असोसिएशनची टिपणं आहेत. सोव्हिएत बाजूच्या विद्यार्थी संघटनांना तोंड द्यायला सीआयएने १९५० च्या दशकापासून या संघटनेला फाउंडेशनांच्या आडून पैसे पुरवले, मोजक्या पदाधिकाऱ्यांना गुप्ततेच्या कागदावर सही घेऊन सांगितलं, बाकीची पोरं परदेशातल्या परिषदांना आपल्या मनानेच जातोय असं समजून गेली, आणि १९६७ मध्ये सगळं बाहेर आलं. खाली पेन्सिलीने तिने लिहिलंय, "बाकीच्यांना कळल्यावर काय वाटलं असेल?" मी तिथेच थांबले. तिला हे सुचतं याचा तुम्हाला अभिमान वाटायला हवा.

आता तुमचा एक मोठा गैरसमज. हे काम म्हणजे हेरगिरी, म्हणून रॉ, असं तुम्ही धरून चाललात. १९७० मध्ये अमेरिकेच्या निक्सन सरकारने दक्षिण कोरियातलं सैन्य कमी करायचं ठरवलं, सोलला धास्ती बसली, आणि तिथल्या केसीआयए या गुप्तचर संस्थेने वॉशिंग्टनमध्ये वापरला कोण, तर टोंगसन पार्क नावाचा तांदळाचा दलाल. अमेरिकेचा तांदूळ कोरियाला विकला की याला कमिशन, आणि त्यातूनच अमेरिकी खासदारांना रोख पैसे, भेटवस्तू, निवडणुकीला मदत, शिवाय जॉर्जटाउन क्लबमधल्या त्याच्या पार्ट्या. १९७६ मध्ये हे पेपरात आलं, रिचर्ड हॅना हे माजी खासदार तुरुंगात गेले. यात चोरलेली फाइल कुठे आहे? ओळख वाढवायची, उपकार करून ठेवायचे, वेळ आली की आठवण द्यायची. आणि बरंचसं तर उघडच चालतं, स्कॉलरशिप, भाषेचे क्लास, तरुण नेत्यांचे अभ्यासदौरे. त्यातलं सगळंच वाईट नसतं, रेष कुठे ओलांडली जाते ते ओळखणं हाच तर अभ्यास आहे.

परीक्षांचं म्हणाल तर परराष्ट्र सेवेचा रस्ता यूपीएससीतूनच जातो, आणि रॉमध्ये फॉर्म भरून थेट अधिकारी व्हायची खुली परीक्षा नाही.

पण हे हुडकून काढणाऱ्या लोकांचीही गरज असते, पत्रकार, संशोधक, वकील. अमेरिकेत १९३८ पासून फारा नावाचा कायदा आहे, परक्या सरकारसाठी राजकीय काम करणाऱ्याने न्याय खात्याकडे नोंदणी करायची आणि दर सहा महिन्यांनी हिशोब द्यायचा, कोणत्या तारखेला कोणाला भेटलो की फोन केला, विषय काय, पैसे किती आले. ते कागद नेटवर फुकट वाचता येतात. तिला एखादा उघडून एकाच लॉबिंग फर्मच्या, म्हणजे पैसे घेऊन सरकारदरबारी शब्द टाकणाऱ्या कंपनीच्या, सहा महिन्यांच्या भेटी ओळीने लिहून काढायला सांगा, आवड खरी की नुसती हवा ते तिचं तिलाच कळेल. ऑस्ट्रेलियानेही २०१८ मध्ये असा कायदा केलाय. सोबत चिनी, रशियन किंवा कोरियन भाषा आत्ताच सुरू करू दे, नंतर वेळ मिळत नाही.

फोटो मी डिलीट केलेत. आज संध्याकाळी तिला सांगा की वही उघडली होती, चुकलं. त्यानंतर तिला वाटलं तर तिनेच मला लिहावं, तिला मी सविस्तर उत्तर देईन.