खेळणी आवर म्हटलं की पळून जातो

"अडीच वर्षांचा झालाय, पण एक खेळणं जागेवर ठेवेल तर शपथ. स्टार चार्ट लावून झाला, चॉकलेट देऊन झालं. आता तर 'आधी चॉकलेट दे' म्हणतो!"

नोकरी करणाऱ्या एका आईची ही तक्रार. थोड्याफार फरकाने ती मी नेहमीच ऐकते. मी विचारलं, "तुम्ही कणीक मळता तेव्हा तो कुठे असतो?"

"माझ्या पायात! नुसती लुडबुड. पीठ सांडतो. मग सासूबाई मोबाइल देऊन बसवतात."

घोडं इथेच पेंड खातं. आपणहून मदतीला आलेल्या मुलाला हाकलायचं आणि तासाभराने एकट्याला पसारा आवरायला लावायचं! दीड वर्षाचं मूलसुद्धा अनोळखी माणसाच्या हातून पडलेली वस्तू न सांगता उचलून देतं, हे वॉर्नेकेन आणि टोमासेलो या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये प्रयोगातून दाखवलं. २००८ च्या त्यांच्या प्रयोगात, मदतीबद्दल वस्तू बक्षीस मिळालेल्या २० महिन्यांच्या मुलांनी पुढे मदत कमी केली. तेव्हा चॉकलेट बंद, हे मी स्पष्टच सांगितलं.

मग कामं ठरवली. कपडे वाळत घालताना बादलीतले चिमटे एकेक करून त्याने द्यायचे. मेथी निवडायला शेजारी बसवायचं. देठं भाजीत आणि पानं कचऱ्यात गेली, तरी त्याच्यादेखत पुन्हा निवडायची नाही. (मटार सोलायला द्या, असं बरेच जण सुचवतात. एवढ्या लहान मुलाला मी देत नाही. दाणा तोंडात जातो आणि घशात अडकू शकतो.) सकाळच्या घाईत हे जमणार नाही. नाही जमलं तर सोडून द्या, पण सुट्टीच्या दिवशी त्याला ओट्यापासून हाकलू नका.

"सासूबाई म्हणतात, मुलाच्या जातीला कशाला ही कामं?"

"त्यांच्याशी वाद नको. कपडे त्याच्या बाबांना वाळत घालू द्या."

महिन्याभराने त्या पुन्हा आल्या. चिमट्यांना दुसऱ्या कुणी हात लावला की आता भोकाड पसरतो म्हणे. खेळणी एकटा अजूनही आवरत नाही. रात्री जेवणाआधी तो आणि बाबा मिळून ती टोपलीत टाकतात, निम्मी बाहेरच पडतात. आजी सोफ्यावर बसून कुठली राहिली ते दाखवतात.