"थय माका कोणी ओळखल्यान तर?"

दारू सोडायची तयारी झालेला माणूस एएच्या मीटिंगचं, म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या मीटिंगचं नाव काढलं की अंग चोरतो. अंधेरीचा माणूस दादरला जाऊन बसला तर कोणाला पत्ता लागणार? आमच्या सिंधुदुर्गात एसटीत पाय ठेवला की कंडक्टरच विचारतो, "आज खय?" म्हणून मी ही भीती हसण्यावारी नेत नाही.

देवगडकडचा एक तांडेल, म्हणजे मासेमारी बोटीचा म्होरक्या, याच भीतीपायी अडून बसला होता. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, बोट किनाऱ्याला, आणि त्या दोन महिन्यांत त्याच्या पिण्याला धरबंध नसे. बायको त्याला माझ्याकडे घेऊन आली. "बायलेन सांगल्यान म्हणान इलंय," हे त्याचं पहिलं वाक्य.

सकाळी हात थरथरायचे आणि एक घोट पोटात गेला की थांबायचे. अशा माणसाने घरच्या घरी एकदम बंद करू नये. दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जिवावरही बेततं. म्हणून आधी डॉक्टर. औषधांवर शरीर सावरलं तेव्हा मीटिंगचा विषय काढला आणि शीर्षकातला प्रश्न आला.

मी विचारलं, "गेल्या शिमग्यात तुम्हाला उचलून घरी कोणी आणलं?" त्याने चौघांची नावं घेतली. म्हणजे तो पितो हे अख्ख्या बंदराला ठाऊक. गुपित राखायचं होतं ते फक्त सोडण्याचं. त्याचं कारण हळूहळू बाहेर आलं. दोन वर्षांपूर्वी त्याने ग्रामदेवतेसमोर गाऱ्हाणं घालून शपथ घेतली होती आणि ती महिनाभरात मोडली. तेव्हापासून तो देवळाच्या पायऱ्याही चढला नव्हता. आता चारचौघांत पुन्हा "सोडतो" म्हणायचं आणि पुन्हा पडायचं, या विचारानेच त्याला घाम फुटत होता. माझं मत विचाराल तर आपल्याकडे शपथा घालून माणसं जितकी सुधारली, त्याहून जास्त लपून प्यायला लागली.

मीटिंगमध्ये शपथ नसते, हे त्याला पटवायला वेळ लागला. तिथे जन्मभराचं कोणी मागत नाही. आजचे 24 तास प्यायची नाही, एवढंच. फी नाही, नाव-पत्ता लिहून घेत नाहीत. खर्चासाठी पिशवी फिरते, नवख्याने काही टाकलं नाही तरी चालतं. बोलायची सक्ती नाही, नुसतं ऐकून उठता येतं. 'ओपन' मीटिंगला घरचं माणूसही बसू शकतं, 'क्लोज्ड'ला फक्त ज्याला स्वतःची दारू सोडायची आहे तोच. "मिशनऱ्यांचा काय ता?" हेही त्याने विचारलं. नाही. 1935 मध्ये अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावी एक शेअर दलाल आणि एक सर्जन, दोघेही पिणारे, एकमेकांच्या आधाराने सुटले, तिथून हे सुरू झालं. देवाचा उल्लेख होतो, पण ज्याला जसा उमगेल तसा. रामेश्वर मानणाऱ्यालाही जागा आहे आणि काहीच न मानणाऱ्यालाही.

जागा शोधणं त्यामानाने सोपं. एएच्या संकेतस्थळावरून हेल्पलाइन मिळते. व्यसनमुक्तीचा सरकारी टोल फ्री क्रमांक 14446 आहे. मात्र दिलेली वेळ फोन करून पक्की करायची, कारण जागा बदलतात. संध्याकाळच्या मीटिंगनंतर परतीची शेवटची एसटी असते का, हेही आधी बघायचं. आपल्याकडे माणूस बऱ्याचदा तिथेच अडकतो. आम्ही मुद्दाम दुसऱ्या तालुक्यातली मीटिंग निवडली. मेव्हणा मोटरसायकलवरून सोडणार असं ठरलं.

आणि व्हायचं तेच झालं. दारातच ओळखीचा निघाला, बंदरावर बोटींना बर्फ पुरवणारा. हा मागे फिरत होता, तर तो म्हणाला, "ये, चाय घे आधी." दोघांनाही एकमेकांचं सारखंच गुपित राखायचं होतं. ओळखीचं माणूस भेटलंच तर ते तिथे बघ्या म्हणून आलेलं नसतं, हे माझ्या सांगण्यापेक्षा त्या चहाने त्याला जास्त कळलं.

बायकोला मी वेगळं अल-अनॉनबद्दल सांगितलं. पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी तो स्वतंत्र गट असतो. ती सुरुवातीला रागावली, "पितो तो, आणि मीटिंगला मी?" जवळ गट नव्हता, तेव्हा ऑनलाइन बसू लागली. आता त्याच्या खिशांची झडती घेत नाही.

गणपतीत मुंबईचे भाऊ आले आणि तो प्यायला. दुसऱ्या दिवशी त्याने मला नाही, बर्फवाल्याला फोन केला, आणि पुढच्या मीटिंगला जाऊन पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजायला लागला. एएत याला 'स्लिप' म्हणतात आणि त्यासाठी कोणी हाकलत नाही.

हंगामात पंचाईत होते. बोट आत गेली की मोबाइलला रेंज नसते, म्हणून निघण्यापूर्वी बंदरावरून एक फोन आणि परतल्यावर एक, असं दोघांचं ठरलंय. खलाशांना मीटिंगचं सांगावं की नाही, हे अजून ठरलेलं नाही. कोणी ग्लास पुढे केला तर "डॉक्टरांनी बंद केल्यानी" एवढंच तो सांगतो. ते खोटंही नाही, आणि तूर्तास तेवढं पुरे.